पाचगणी ते हरिपूर : कृष्णाकाठचे ताट

पाचगणीला येणारा पाहुणा काय खाऊन जातो, याची यादी जवळजवळ ठरलेली आहे. स्ट्रॉबेरी क्रीम, मक्याचे पॅटिस, टेबललँडवर निखाऱ्यावर भाजलेले कणीस, घरी न्यायला जॅम आणि सरबताच्या बाटल्या, खारे-तिखट चणे आणि परतीच्या वाटेवर साताऱ्याचे कंदी पेढे. यातले काहीच टाकाऊ नाही. पण एवढेच खाऊन जो परतला, त्याच्या जिभेला या मुलखाचे रोजचे जेवण लागलेलेच नसते. नाचणीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी, हुलग्याचे माडगे, कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत, डंकावर कुटलेली लाल चटणी हे सारे त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोज शिजत असते. प्रवाशाला त्या चुलीपर्यंत नेणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. त्या वाटेची ओळख करून देणे एवढेच काम या प्रस्तावनेने अंगावर घेतले आहे.

पुस्तकाची आखणी नदीच्या वाटेने केली आहे. क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते, पाचगणीच्या डोंगराखालून धोम धरणात येते, वाईच्या घाटांना भिडते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला आणि कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीच्या शेजारी हरिपूरला वारणेला पोटात घेऊन पुढे जाते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचे जेवण समजून घ्यायला याहून सोपी वाट नाही, कारण नदी खाली उतरते तसतसा पाऊस बदलतो आणि पावसाबरोबर भाकरी बदलते.

हा पावसाचा हिशेब प्रवाशाने आधी मनात धरावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पाचगणी वीस किलोमीटरच्या आत, पण पाऊस साधारण एक तृतीयांश. पसरणी घाट उतरून वाईला आले की तो आणखी घटतो आणि पूर्वेला माण-खटावात पोचेपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. एका दिवसाच्या प्रवासात इतका फरक. त्यामुळे डोंगरावर भात, नाचणी आणि वरी, मधल्या खोऱ्यात ऊस, हळद, घेवडा आणि भाजीपाला, तर दुष्काळी पट्ट्यात बाजरी, शाळू, मटकी आणि हुलगा अशी पिकांची वाटणी झाली. कोणाच्या ताटात काय पडणार हे शेकडो वर्षे आभाळाने ठरवले. त्यावर चव आणण्याचे काम घरातल्या बायकांनी केले.

पाचगणी गाव म्हणून तसे नवे आहे. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या माळावर १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने वस्ती वसवली. महाबळेश्वरचा धो-धो पाऊस टाळून बारा महिने राहता येईल अशी सुमारे १,३०० मीटर उंचीवरची ही जागा होती. पुढे इथे निवासी शाळा आल्या, १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर उभे केले. पारशी, मुसलमान, ख्रिस्ती, बहाई अशी अनेक घरे इथे नांदली. बाजारपेठेतल्या पदार्थांत ही सरमिसळ आजही दिसते. भोवतालची पाच गावे मात्र पाचगणीच्या कितीतरी आधीची. त्यांच्या चुली जुन्या आणि त्यांची खाणीही जुनी.

डोंगरावरच्या जुन्या जेवणाचा कणा नाचणी. उतारावरच्या वरकस जमिनीत पावसाळ्यात तिची रोपे लावतात, पीक दिवाळीच्या सुमारास हाती येते. तिची भाकरी थापायला सोपी नाही, पीठ चिकट नसल्यामुळे कढत पाण्यात उकड काढून मळावे लागते. तव्यावरून उतरलेली काळसर, मऊ भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, सोबत लसणाचा ठेचा आणि एखादी रानभाजी हे इथले न्याहारीचे आणि जेवणाचेही ताट. उन्हाळ्यात हीच नाचणी ताकात शिजून आंबील होते. पावसाळ्यात आलात तर भारंगी, कुर्डू, टाकळा, करटोली या भाज्यांचे वाटे बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला मांडलेले दिसतील. भारंगी थोडी कडवट असते, तो कडवटपणा वाल किंवा डाळ घालून सौम्य करतात. एप्रिल-मेमध्ये करवंदे आणि जांभळे येतात. पानांच्या द्रोणात विकायला बसलेल्या बाईकडून ती घ्यावीत आणि तिथेच खावीत, कारण शहरापर्यंत त्यांची चव टिकत नाही.

या डोंगराचा दुसरा ठेवा म्हणजे मध. जावळीच्या आणि महाबळेश्वरच्या जंगलात सातेरी मधमाशी पाळण्याचा व्यवसाय अनेक दशकांचा आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि जवळच्या मांघर गावाला मे २०२२मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. इथला मध ऋतूप्रमाणे बदलतो. जांभळाच्या फुलोऱ्याचा मध गडद आणि किंचित तुरट, हिरड्याचा वेगळा आणि कारवीचा तर वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारा, कारण कारवी काही वर्षांतून एकदाच फुलते. मध घेताना कुठल्या फुलाचा आणि कुठल्या महिन्यातला हे विचारावे. खरा मधपाळ त्याचे उत्तर आनंदाने देतो.

आता स्ट्रॉबेरीविषयी. ती परंपरेतली नाही म्हणून या पुस्तकातून तिला वगळावे, असे मला वाटत नाही. महाबळेश्वरच्या बागायतीचा इतिहास चटका लावणारा आहे. १८३४ ते १८६४ या तीस वर्षांत तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. इंग्रजी बटाटे आणि परदेशी भाज्या या डोंगरावर रुजवण्याचे श्रेय त्या काळच्या नोंदी त्यांनाच देतात. घरापासून हजारो मैल दूर, बेड्यांत आयुष्य काढणाऱ्या माणसांनी इथली माती ओळखली. आजचा स्ट्रॉबेरीचा शेतकरी त्या बागायतीच्या परंपरेचा पुढचा धनी आहे. परदेशातून आलेल्या मातृरोपांपासून कमी पावसाच्या वाई भागात रोपे वाढवायची, पाऊस ओसरत आला की गादीवाफ्यावर प्लास्टिकच्या आच्छादनात आणि ठिबकवर लागवड करायची आणि नोव्हेंबरअखेरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज पहाटे फळ तोडायचे, असा हा कष्टाचा धंदा आहे. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. १९५९ साली किशोर व्होरा यांनी पाचगणीत सुरू केलेल्या ‘मॅप्रो’सारख्या उद्योगांनी जादा फळाला जॅम आणि सरबताची वाट दिली. तेव्हा स्ट्रॉबेरी खावीच, पण हंगामात, शेतावर जाऊन, साखर-मलईशिवाय. ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून मे २०१७पासून ओळखले जाणारे भिलार हे मुळात स्ट्रॉबेरीचेच गाव. तिथे वाचता वाचता दोन्ही गोष्टी साधतात.

घाट उतरून वाई, पाचवड, सातारा असे निघाले की खवा कढईत परतल्याचा वास येतो. कंदी पेढ्याची ओळख त्याच्या रंगात आहे. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परततात, साखर बेताची आणि वेलदोडा जेमतेम घालतात. ओलावा उडून गेल्यामुळे तो पांढऱ्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो आणि खरपूस लागतो. दुधाची ही सुबत्ता नदीकाठच्या हिरव्या वैरणीवर उभी आहे. याच काठाने खाली गेल्यावर सांगली जिल्ह्यात भिलवडी लागते, जिथे १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला. त्याही पुढे, कोल्हापूरच्या हद्दीत, नृसिंहवाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी आहे.

साताऱ्याच्या पूर्वेला कोरेगाव. इथला वाघ्या घेवडा प्रवाशाने आवर्जून मागावा. दाण्यावर लाल रेघा असलेला हा घेवडा खरिपात निघतो, वाळवून वर्षभर ठेवतात. त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. तो पटकन शिजतो, आमटीला स्वतःचा दाटपणा देतो आणि बाजरीच्या भाकरीबरोबर इतका जुळतो की दुसऱ्या कालवणाची आठवण होत नाही. आणखी पूर्वेला माण-खटाव, आणि सांगलीकडे आटपाडी-जत. इथे पाणी कमी, म्हणून ताटात कडधान्य आणि भाकरी. हुलगा भाजून दळायचा, त्या पिठाचे पातळसर माडगे शिजवायचे, कुणी गूळ घालून गोड करते, कुणी लसूण-जिऱ्याची फोडणी देते. थंडीत आणि आजारपणात याहून आधार देणारे अन्न या भागाला ठाऊक नाही. जानेवारीत शाळूचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मेंढपाळ धनगरांच्या या मुलखात माडग्याळी मेंढी प्रसिद्ध आहे आणि जत्रेच्या दिवशी तिच्या मटणाचा रस्सा गावभर शिजतो.

या साऱ्या मुलखाला बांधून ठेवणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे चटणी. सातारा-सांगलीत चटणी म्हटले की कांदा-लसणाचा लाल मसाला. मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात मिरच्या वाळवतात, रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी. कांदा तेलात परतून, सुके खोबरे, तीळ, धणे, जिरे, खसखस आणि खडा मसाला भाजून, लसूण आणि मीठ घालून सगळे डंकावर कुटून आणतात. वर्षभराची चटणी एकदम होते, बरण्यांत दाबून भरली जाते, मुलीच्या सासरी आणि पुण्या-मुंबईच्या नोकरदार पोरांना डब्यातून जाते. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे आणि त्याचा अभिमान तेवढाच. अख्खा मसूर, घेवडा, वांगे, अंडे, मटण काहीही असो, चमचाभर चटणी पडल्याशिवाय ते इथले होत नाही.

या मिरचीवरून एका दूरच्या देशाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यात आपल्यासाठी धडा आहे. मिरची मूळची अमेरिकेची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि त्याच शतकात तुर्कांच्या मार्फत हंगेरीत पोचली. तिथल्या सेगेद आणि कालोचा भागांत ती पिकू लागली, वाळवून तिची पूड झाली आणि पाप्रिका हे त्या देशाचे ओळखपत्र ठरले. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या शास्त्रज्ञाने सेगेदच्या याच मिरचीतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळवले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिथले गुयाश हे मुळात मैदानात गुरे राखणाऱ्या गुराख्यांचे जेवण. उघड्यावर टांगलेल्या कढईत मांस आणि कांदा शिजवायचा, पुढे त्यात पाप्रिका आली. एकोणिसाव्या शतकात हंगेरीला आपली स्वतंत्र ओळख जगापुढे मांडायची होती, तेव्हा हे गुराख्यांचे कालवण राष्ट्राच्या मानाचे पक्वान्न झाले. आज बुडापेस्टला जाणारा प्रवासी ते खाल्ल्याशिवाय परतत नाही.

आमच्या धनगराचे माडगे आणि शेतकऱ्याची घेवड्याची आमटी गुयाशपेक्षा कशात कमी आहे? चवीत नाही, पौष्टिकतेत नाही, इतिहासात तर नाहीच. कमी आहे ती आपली नजर. पाहुणा आला की गावातले चांगले हॉटेलही पनीर आणि तंदुरी पुढे करते आणि मालकाच्या घरी मात्र त्याच रात्री झुणका-भाकरी असते. आपले रोजचे अन्न पाहुण्याला देण्यात कमीपणा आहे, ही समजूत मोडली पाहिजे. ती मोडण्याची ताकद प्रवाशाच्या मागणीत आहे. कऱ्हाड-इस्लामपूरच्या महामार्गावर हे घडलेले आपण पाहतोच. अख्खा मसूर हे साधे घरगुती कालवण, पण ट्रकवाल्यांनी आणि प्रवाशांनी ते मागून मागून खाल्ले आणि आज त्याच्या पाट्या रस्त्याने ओळीने दिसतात. मसुराला जे जमले ते घेवड्याला आणि नाचणीलाही जमेल.

कऱ्हाडच्या आसपास हिवाळ्यात गुऱ्हाळे पेटतात. तिथे थांबून काकवी मागावी. उसाचा रस आटत गुळाकडे निघालेला असताना मध्येच काढलेली ही पातळ, तांबूस काकवी गरम चपातीबरोबर किंवा भाकरीबरोबर खायची. बाटलीत भरून नेली तर महिनोनमहिने राहते. पुढे तासगाव. द्राक्षांच्या शेतीत या तालुक्याचे नाव मोठे, कारण बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी निवडलेला ‘तास-ए-गणेश’ हा वाण देशभर पोचला. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षे वाळत असतात. हिरवट-पिवळ्या बेदाण्याचे सौदे तासगाव आणि सांगलीत होतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

हळदीसाठी हरिपूरला जावेच. वारणा आणि कृष्णा यांच्या संगमावरच्या या गावात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेवाचे तोंड लिंपून बंद केले की आत हवा उरत नाही, कीड लागत नाही, रंग आणि वास वर्षानुवर्षे टिकतो. पेव उघडल्यावर ते बराच वेळ मोकळे ठेवून, आत दिवा सोडून हवा तपासूनच माणूस उतरत असे. २००५च्या महापुरात यातली बरीच पेवे गेली आणि गोदामांनी त्यांची जागा घेतली. तरी सांगली हे आजही देशातले हळदीचे मोठे पेठेचे ठिकाण आहे. हिवाळ्याच्या अखेरीस आलात तर ओल्या हळदीचे लोणचे मिळेल. आले आणि लिंबाच्या रसात मुरलेले ते लोणचे जेवणाच्या कडेला असले की साधा वरणभातही उठून दिसतो.

सांगलीची दुपार भडंगाशिवाय पुरी होत नाही. चुरमुऱ्यांना तेल, लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट आणि चिमूटभर साखर लावून परतलेले हे भडंग आता सगळीकडे पाकिटात मिळते, पण त्याचे माहेर सांगली-जयसिंगपूर. आणि रात्रीच्या जेवणाला कृष्णाकाठची वांगी. नदीच्या मळईच्या जमिनीतले हे वांगे कोवळे, बी कमी आणि गर जास्त. चुलीत भाजून, वरून कच्चे तेल, कांदा, दाण्याचे कूट आणि चटणी घातलेले भरीत किंवा तेलात परतलेले भरले वांगे, आणि ज्वारीची भाकरी. या पुस्तकातल्या सगळ्या ताटांतून मला एकच निवडायला सांगितले तर मी हे निवडेन.

कुठल्या काळात यावे असे विचाराल, तर प्रत्येक ऋतूचे उत्तर वेगळे. पावसाळ्यात डोंगरावर रानभाज्या आणि नाचणी. दिवाळीनंतर स्ट्रॉबेरी, गुऱ्हाळ, नवा घेवडा. पौषात मांढरदेवची काळूबाई आणि पालीचा खंडोबा, मार्गशीर्षात पुसेगावचा सेवागिरी, रंगपंचमीला बावधनचे बगाड. या यात्रांत गोडी शेव, भेंडबत्तासे, रेवड्या मिळतात आणि गावात ओळख असेल तर घराघरांत पुरणपोळी किंवा मटणाची पंगत असते. यात्रेच्या दिवशी दारात आलेला माणूस उपाशी परतवणे इथे अपमानाचे समजतात. उन्हाळ्यात द्राक्षे, बेदाणा, करवंदे आणि डंकावरच्या चटणीचा खमंग ठसका.

हे सगळे हॉटेलच्या मेनूवर नेहमी मिळणार नाही, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी खाणावळी, महिला बचत गटांचे स्टॉल, कृषी पर्यटनाची घरे आणि आठवडी बाजार शोधावे लागतात. आदल्या दिवशी सांगितले तर चुलीवरची भाकरी करून देणारी घरे पाचगणीभोवतीच्या गावांत आहेत. आगाऊ सांगा, कारण नाचणी भिजवायला नाही तरी घेवडा भिजवायला रात्र लागते. आणि दर ठरवताना घासाघीस करू नका. पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या बाईच्या श्रमाला हॉटेलच्या थाळीइतकीच किंमत असली पाहिजे.

शेवटची विनंती वाचकाला. हे पुस्तक बॅगेत ठेवा, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. जिथे थांबाल तिथे ‘आज तुमच्या घरी काय केलंय?’ एवढे विचारा आणि जे सांगतील ते मागा. पाचगणीचा पाहुणा आठवड्यातून एक जेवण जरी असे मागू लागला, तरी पेरणीच्या वेळी शेतकरी नाचणीचे आणि घेवड्याचे बी काढून ठेवील. बी राहिले तर पदार्थ राहतील.